गाळलेली काळी माती

तोफ हळू बोलली तेव्हाच मला कळलं.

मी मालधक्क्यावर होतो. सिमेंटची गाडी लागली होती आणि मी फळीवरून पोतं घेऊन उतरत होतो. तोफ म्हणजे आमच्या शेजारची. ती नळावर बोलली की पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जातं, म्हणून तिला सगळे तोफ म्हणतात. ती खांबाशी येऊन थांबली आणि मी पोतं खाली टाकेपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग जवळ येऊन म्हणाली, "भावजी, चला. इस्पितळात चला."

"शुद्धीवर आली का?" मी विचारलं.

ती माझ्या खांद्यावरची सिमेंटची पूड हाताने झटकायला लागली. मी म्हणालो, "राहू दे." मला समजलं होतं.

बायको आठवडाभर इस्पितळात होती. त्याआधी बरेच दिवस तिचं पोट दुखायचं. दुखायला लागलं की गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि कळ गेली की उठून बागेत जायची. जेवण कमी झालं होतं. हातातून भांडी पडायची. मी म्हणायचो, "अगं, डॉक्टरला दाखव." ती म्हणायची, "अहो, वय झालं की भांडी पडतातच. तुमच्या हातून तर लग्नाच्या दिवसापासून पडतायत." शेवटी एका सकाळी तिला झटका आला. अंग ताठ झालं, डोळे फिरले. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

मुलगा लांबच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. तो आला, सगळं आटोपलं आणि तो पुन्हा गाडीवर गेला. घरात मी, सून आणि वर्षभराची नात राहिलो. नातीला आम्ही मुंगी म्हणतो. जमिनीवर जे दिसेल ते उचलून तोंडात घालते.

बायकोची पिशवी इस्पितळातच राहिली होती, ती आणायला मी गेलो. पिशवीत तिचा कंगवा, चष्मा आणि अर्धा साबण होता. मी निघालो तर वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाकावर बसवलं. वयाने लहान होत्या, माझ्या सुनेएवढ्या.

"काका, मावशी कुठे कामाला होत्या?"

"कामाला नाही. घरीच. आणि बागेत."

"बॅटऱ्यांचं काही काम? जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या? रंगाचा कारखाना?"

"नाही हो. आमच्या वस्तीमागे भाजीची बाग आहे. तिथे."

त्यांनी थांबून हातातला कागद पुन्हा पाहिला. मग म्हणाल्या, "त्यांच्या हिरड्यांच्या कडेला काळी-निळी रेघ होती. पाहिली होती तुम्ही?"

मी पाहिली होती. मला वाटलं होतं, दातांचं असेल काही.

"त्यांच्या रक्तात शिसं सापडलंय. खूप. माणसाच्या अंगात इतकं शिसं नुसतं कुठून येत नाही. श्वासातून जातं, नाहीतर खाण्यातून. त्याच्यामुळेच गेल्या असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण घरात लहान मूल आहे का?"

"नात आहे."

"माती खाते?"

मी हसलो. "कुठलं पोर खात नाही?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला घेऊन या. लवकर या."

मी पिशवी घेऊन रस्त्यावर आलो आणि घरी जायचं सोडून उलट्या दिशेने चालायला लागलो. कोपऱ्यावर गेल्यावर लक्षात आलं.  बाग म्हटल्यावर बाईंनी थांबून विचार केला होता, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

बागेचं सांगायला हवं.

आमच्या वस्तीमागे मोकळी जागा आहे. सगळ्या भागाचा कचरा तिथे पडायचा. पावलोपावली काचा, सळ्या, मेलेली कुत्री. वस्तीतले निम्मे लोक त्याच कचऱ्यातून पत्रा-प्लास्टिक वेचून पोट भरतात. एका संस्थेच्या ताई आल्या आणि म्हणाल्या, ही जागा तुम्हीच साफ करा आणि तुम्हीच तिथे भाजी लावा. नगरपालिकेशी त्या बोलल्या होत्या. जागा स्वच्छ राहिली, बाग नीट उभी राहिली, तर वस्तीच्या मागच्या रांगेला हात लावणार नाही, असं तिथल्या साहेबांनी तोंडी का होईना कबूल केलं होतं. मागची रांग म्हणजे आमचीच घरं. ती पाडणार अशी टांगती तलवार आम्ही इतकी वर्षं डोक्यावर घेऊन झोपत होतो.

माझी बायको सगळ्यांत पुढे होती. कचरा तिला नवा नव्हता. लहानपणापासून तिने वेचला होता. काच कुठे, सुई कुठे, हे तिला पायाला समजायचं. जागा साफ झाली, दोऱ्या लावून वाफे पाडले आणि मग भांडणं सुरू झाली. कुणाच्या वाफ्यात मऊ माती, कुणाच्या वाफ्यात नुसत्या विटा. "तिला चांगला दिला, मला उकिरडा दिला." तोफ तर म्हणाली, "माझ्या वाफ्यात मुळा लावला तर तो खाली जायचं सोडून वर येईल." दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात आल्या.

तेव्हा बायकोने तोडगा काढला. प्रत्येकीने आपल्या वाफ्यातली वरची माती आणून एका ढिगात टाकायची. ढीग फावड्याने वर-खाली करायचा, जाळीतून गाळायचा आणि टोपलीने सगळ्यांना सारखा वाटायचा. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आमच्या वस्तीत कधी कुठली गोष्ट इतक्या बिनबोभाट वाटली गेली नसेल.

त्या ढिगात घालायला तिने आणखी एक माती शोधून काढली. जागेच्या टोकाला पडकी भिंत आहे. तिच्या कोपऱ्यात काळीभोर, भुसभुशीत माती होती. काच नाही, चिंधी नाही, गांडूळ नाही, तण नाही. आयुष्यभर घाणीत हात घालणाऱ्या बायका त्या, त्यांना वाटलं, इतकी स्वच्छ माती म्हणजे सोनं. तण नाही म्हणजे खुरपायचं कष्ट वाचलं. बायकोने जुन्या खाटेच्या जाळीवर ती माती कितीतरी दिवस गाळली. तोफ मदतीला असायची. दोघी संध्याकाळी काळ्याठिक्कर होऊन यायच्या. मी म्हणायचो, "कोण तुम्ही? आमच्या घरच्या बाईला पाहिलंत का?" तिथली पोती ढिगापर्यंत मीच वाहिली. मातीच्या मानाने ती फार जड होती. मी तिला म्हणालोही, "यात काय लोखंड भरलंय?" ती म्हणाली, "हमाल म्हातारा झाला की माती जड लागते."

ते सगळं मला इस्पितळाच्या रस्त्यावर आठवलं. घरी न जाता मी मोठ्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे गेलो. म्हातारा माणूस आहे, वस्ती नव्हती तेव्हापासून त्याचं दुकान आहे. तराजूजवळ खुर्ची टाकून बसला होता.

"बस. बायकोचं ऐकलं. वाईट झालं," तो म्हणाला.

मी बसलो नाही. विचारलं, "आमच्या मागे पडकी भिंत आहे. तिथे आधी काय होतं?"

"भट्टी होती."

"कसली?"

"शिशाची. गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं. मी पोरगा होतो तेव्हा धूर इथपर्यंत यायचा. मग मालक कुठे गेला कुणास ठाऊक."

"आणि राख?"

"राख तिथेच. भिंतीच्या आत. ती कोण उचलणार? कोपऱ्यात गवताचं पातं उगवत नाही बघ आजही." मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "का रे? कोणी हात लावला का तिला?"

 मी त्याच्या तराजूला धरून उभा राहिलो. तो "पाणी पी, पाणी पी" म्हणत होता. मला एवढंच दिसत होतं की ती माती एका वाफ्यात नाही, एका कोपऱ्यात नाही. टोपलीने मोजून, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, अशी सगळ्यांच्या वाफ्यात गेली आहे. आणि सकाळी निघताना सून म्हणाली होती, "बाबा, आज दुपारी मुंगीला घेऊन मी बागेत जाते. आईंच्या नावाने जेवण ठेवलंय ना सगळ्यांनी."

मी पळालो. या वयात आणि या गुडघ्यांनी मी पळालो. लोक बाजूला होऊन बघत होते. कोणीतरी म्हणालं, "काय चोरलं हो आजोबा?"

बागेत चूल पेटली होती. मोठं पातेलं चढवलं होतं आणि त्यात बागेतली पालेभाजी शिजत होती. सगळ्या वाफ्यांतून मूठ मूठ काढलेली. बायका सतरंज्या अंथरत होत्या, पोरं ताटं वाजवत होती. संस्थेच्या ताईही आल्या होत्या. सून कांदा चिरत होती आणि तिच्यापासून चार हातांवर मुंगी टोमॅटोच्या वाफ्यात बसली होती. तिची मूठ तोंडात होती.

मी तिला उचललं आणि तिच्या तोंडात बोट घातलं. ओली काळी माती निघाली. पुन्हा बोट घातलं. ती कडकडून चावली आणि किंचाळायला लागली. मी सदऱ्याने तिची जीभ पुसली, हिरड्या पुसल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या. सून धावत आली.

"बाबा, काय करताय? रक्त येईल तिला!"

"घरी ने. साबणाने धू. हात, तोंड, सगळं. आणि इथलं काही खायचं नाही. तूही नाही."

"अहो पण झालं काय?"

तोफ पळीसकट चुलीपासून आली. "भावजी, पोरीला का रडवताय? आणि जेवायचं नाही म्हणजे? वहिनीच्या नावाचं जेवण आहे."

"पातेलं उतरव," मी म्हणालो.

"का? मीठ जास्त झालं?" दोन-चार बायका हसल्या.

मी सांगायला लागलो. मला नीट सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं, भट्टी, राख, रक्तातलं शिसं, सगळं एकात एक होत होतं.  बोलता बोलता मला दिसत होतं की कोणाला पटत नाही. जिचं घर आमच्या पलीकडे आहे ती म्हणाली, "दुःखाने होतं असं. माझा भाऊ गेला तेव्हा माझी आईसुद्धा म्हणायची विहिरीत कोणी काहीतरी टाकलंय."

"आम्ही हीच भाजी कधीपासून खातोय," दुसरी म्हणाली. "आम्हाला काय धाड भरलीय?"

तोफ माझ्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज परत आला होता. "म्हणजे तुमचं म्हणणं काय? वहिनीने आम्हाला विष वाटलं?"

 तोंडात मारल्यासारखं झालं. कारण बायकोने जे केलं ते तेच होतं आणि तसं तिने काहीच केलं नव्हतं.

"आणि हे उद्या बाहेर गेलं तर?" पलीकडची म्हणाली. "बाग बंद. बाग बंद म्हणजे मागची रांग साफ. तुमचं घर पण त्याच रांगेत आहे ना? मग कशाला ओरडताय?"

  ताई माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. हळूच म्हणाल्या, "काका, खरंच असं म्हणाल्या त्या डॉक्टर? मी ही माती वाफ्यांत पडायच्या आधी तपासून घ्यायला हवी होती. मला वाटलं, इथलीच तर आहे."

"हिरड्यांवर रेघ होती तिच्या," मी म्हणालो. "काळी-निळी. दातांच्या मुळाशी."

मी हे ताईंना सांगितलं होतं, पण तोफेने ऐकलं. तिने पळी खाली ठेवली. शेजारी उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, "तोंड उघड."

"काय?"

"तोंड उघड गं, काही घालत नाहीये त्यात."

तिने त्या बाईचा खालचा ओठ बोटाने ओढला आणि उन्हाकडे तोंड फिरवून पाहिलं. काही नव्हतं. मग तिच्या जावेचा पाहिला. काही नव्हतं. मग बायका आपणहून एकमेकींचे ओठ ओढून बघायला लागल्या. एरवी असं काही असतं तर हसून हसून लोळल्या असत्या. कोणी हसत नव्हतं. पोरांनाही रांगेत उभं केलं. मी मुंगीला कडेवर घेऊन उभा होतो आणि तिचा ओठ खाली करायची माझी हिंमत होत नव्हती. तिला चारच दात होते. सुनेने पाहिलं. म्हणाली, "मला काही दिसत नाहीये, बाबा. दिसत नाहीये ना? तुम्ही बघा ना."

तोफेचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. तिने सतरंजीवरचं एक ताट उचललं, पदराने पुसलं, उलटं धरलं आणि त्यात ओठ ओढून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग ताट खाली ठेवलं आणि तोंड मिटून घेतलं. बाकी कोणी माती गाळायला जाळीजवळ बसलं नव्हतं. फक्त ती आणि माझी बायको.

"काय झालं?" पलीकडची म्हणाली. "अगं बोल की."

 चुलीतली लाकडं तोफेने ओढून बाहेर काढली आणि त्यांवर पाणी ओतलं. पातेल्याचा एक कान धरला. दुसरा मी धरला. दोघांनी ते उचललं आणि मग तसेच उभे राहिलो, कारण ते कुठे ओतायचं हे दोघांनाही कळेना. वाफ्यात ओतायचं नव्हतं, गटारात ओतलं तर तिथे कोंबड्या होत्या. शेवटी झाकण घालून ते भिंतीपाशी ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे इस्पितळात गेलो. सगळे म्हणजे जे आले ते. काही घरांनी दार लावून घेतलं. मुंगीच्या रक्तात शिसं निघालं. बायकोच्या मानाने फार कमी, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लहान अंगाला तेही जास्तच. वेळीच थांबलं असेल तर उतरेल. मी विचारलं, "आणि नसेल तर?" त्या म्हणाल्या, "पुन्हा रक्त बघू, मग सांगते." तोफेला त्यांनी दाखल करून घेतलं. ती खाटेवरून म्हणाली, "भावजी, माझ्या वाफ्यातला मुळा अखेर वर आला म्हणायचा." मी हसायचा प्रयत्न केला. ती बायकोच्याच वॉर्डात होती.

नगरपालिकेची माणसं आली. कोणी आत जाऊ नये म्हणून त्यांनी बागेभोवती पट्टी ओढली, भिंतीचे फोटो काढले. एकाने टेप काढून बागेपासून मागच्या रांगेपर्यंतचं अंतर मोजलं. कशाला मोजलं ते सांगितलं नाही. तेव्हापासून पलीकडची माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते. मी तिला दोष देत नाही. गाडीचा आवाज आला की मीही दारात येऊन बघतो, घरं पाडायचं यंत्र आलं का म्हणून.

ताई रोज येतात. डॉक्टरीणबाईंना विचारून त्यांनी आम्हाला सांगितलं की माती कोरडी हलवायची नाही, आधी पाणी शिंपडायचं, तोंडाला ओलं फडकं बांधायचं, काम झालं की कपडे घरात न्यायचे नाहीत. मग जे तयार होते त्यांनी वाफे उपसले. भाजी मुळासकट काढली. पालेभाजी इतकी हिरवीगार होती की काढताना बायका रडत होत्या. माती पोत्यांत भरली आणि पोत्यांची तोंडं शिवली. पोती मी उचलली. कुणाला हात लावू दिला नाही; आधी वाहिली होती तीही मीच. माझंही रक्त घेतलं आहे. त्याचं मला फारसं काही वाटत नाही.

पोती आमच्या घरामागच्या भिंतीला लावून ठेवली आहेत, कारण दुसरीकडे कुठे जागा नाही. वर ताडपत्री टाकली आहे. कचऱ्याची गाडी येते, तिचा ड्रायव्हर म्हणतो, हा कचरा नाही, मी घेणार नाही. नगरपालिकेचे साहेब म्हणतात, हे आमच्याकडे येत नाही, वरच्या कार्यालयाकडे येतं. वरचं कार्यालय म्हणतं, आधी नगरपालिकेने लिहून द्यावं. एक टेम्पोवाला आला होता. म्हणाला, मी गुपचूप नेऊन कुठेतरी टाकतो. मी विचारलं, "कुठे?" तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? तुमच्या दारात नसेल म्हणजे झालं." मी त्याला हाकलून दिलं. सून म्हणाली, "बाबा, नेऊ द्यायचं होतं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नको. बरं केलंत."

मुंगीला चालता यायला लागलं आहे. दार उघडं दिसलं की ती पळते आणि घराला वळसा घालून नेमकी ताडपत्रीकडे जाते. तिच्या दृष्टीने ती चढायची जागा आहे. सून काम करताना तिच्या कमरेला दोरी बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला बांधते. मी कामावर जायचं कमी केलं आहे. दिवसा मागच्या बाजूला स्टूल टाकून बसतो. वारा सुटला की ताडपत्री फडफडते आणि मी उठून तिच्या कडांवर विटा ठेवतो. दोन पोती शिवणीवर उसवायला लागली आहेत.

मुंगीचं रक्त पुन्हा तपासायचं राहिलं आहे. पोती कोणी न्यायची आणि कुठे न्यायची, ते अजून ठरलेलं नाही.